भरीत थांबेल असं ठरलं होतं

७ जानेवारी, धानोरा. सकाळ.

खोकला आहे असं घरात सगळे म्हणतात. खोकला नाही. घसा साफ करतो, एवढंच. मोठ्या आवाजाच्या माणसाला ते करावं लागतं. नंदुरबारला मिरची वाळत घालतात त्या पथारीवर मी उभा राहिलेलो आहे आणि शिंकलेलो नाही. (एकदा शिंकलो. पण तेव्हा धूळ होती.)

डॉक्टर म्हणाला, छातीत कफ आहे, धुरापासून लांब राहा, हवापालट करा. डॉक्टर कालचा पोरगा आहे. पण लगेच दुपारी ममताचा दमणहून फोन. आबा, इकडे या, समुद्राची हवा आहे. जावई चंदनराव तिथे प्लास्टिकच्या कंपनीत सुपरवायझर आहेत. लेकीच्या घरी जाऊन राहणं मला पटत नाही. पण हवा काही जावयाची नाही. हवा सरकारी. या मुद्द्यावर कबूल झालो.

खरा प्रश्न भरताचा. मळ्यातली हिरवी वांगी शेर-शेराची झाली आहेत. दर थंडीत आमच्या मळ्यात भरीत होतं, गल्ली जेवते, आणि वांगी मी भाजतो. मीच. दुसऱ्या कोणी जाळाला हात लावायचा नाही हा अलिखित कायदा आहे. शाळा सातवीत सुटली, पण वाचन सुटलं नाही, आणि कुठल्याही पुस्तकात नसलेली एक गोष्ट मला कळते. लोक वांगं डोळ्यांनी बघतात. मी ऐकतो. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा डोक्याएवढा जाळ करायचा, वांगी त्यात सोडायची आणि कान द्यायचा. शिजलं की वांगं बोलतं.

संध्याकाळ.

झुंबरलालच्या दुकानाच्या ओट्यावर सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं, मी येईपर्यंत भरीत थांबवा. वाटलं होतं कुरकुर होईल, वांगी जून होतील म्हणतील. सगळ्यांनी लगेच माना हलवल्या. गल्लीतल्या भीमसिंगने तर गळ्याला चिमटा घेऊन आण घेतली. म्हणाला, तुम्ही बिनघोर जा आबा, पाहिजे तितले दिवस ऱ्हा. झुंबरलाल जैन आहे, वांगं त्याच्या धर्मात चालत नाही. दरवर्षी येतो, पुरी-कढी खातो, वांग्याचा वास घेतो आणि समाधानाने घरी जातो. त्याने मात्र आण घेतली नाही. वजनकाट्याकडे बघत राहिला. माझ्या जाण्याचं दुःख त्याला जास्त झालं असावं.

इतक्या लवकर सगळे कबूल झाले की गहिवरून आलं. माणसं जोडावी लागतात.

९ जानेवारी, दमण.

नंदुरबारहून सुरत, सुरतहून वापी, तिथून रिक्षा. सामान ठेवून लगेच समुद्र बघायला गेलो. समुद्र नव्हता.

काळा चिखल होता, त्यात उलट्या पडलेल्या होड्या होत्या, आणि लांब कुठेतरी एक पांढरी रेघ. चंदनरावांना विचारलं, समुद्र कुठे आहे? म्हणाले, ओहोटी आहे आबा, संध्याकाळी येईल. आमची तापी उन्हाळ्यात आटते, पण रोज उठून गावाला जात नाही.

निश्चय : (१) रोज पहाटे किनाऱ्यावर चालणे. (२) पंधरवड्यात ठणठणीत होऊन परत. (३) भरताआधी भीमसिंगला काड्या कशा रचायच्या ते शिकवणे, कारण विद्या आपल्यासोबत जाऊ नये.

११ जानेवारी.

पहाटे चालायला गेलो नाही. दव होतं. काल वारा होता. उद्या नक्की.

गावाकडून रोज दोन-चार फोन येतात. प्रकृती कोणी विचारत नाही. दमण म्हटल्यावर सगळे दबक्या आवाजात एकच विचारतात, येताना एक आणाल का? मी माळकरी नाही, पण बाटलीला कधी शिवलो नाही, हे गावाला माहीत आहे. तरी विचारतात. भीमसिंगने मात्र बाटलीचं काढलं नाही. त्याने विचारलं, आबा, नक्की कोणत्या तारखेला येशात? दोनदा विचारलं. म्हटलं, सव्वीसच्या आत येत नाही. तो म्हणाला, पक्कं ना? बिचारा दिवस मोजतोय.

१४ जानेवारी, संक्रांत.

अंगात कणकण आहे. ताप नाही. थर्मामीटर ताप दाखवतं, पण ते चंदनरावांच्या कंपनीसारखं प्लास्टिकचं आहे.

घरी धनुबाईला फोन केला. ती गावीच राहिली, म्हशीला कोण बघणार म्हणून. तिळगूळ घ्या, गोड बोला म्हटलं. ती म्हणाली हो हो, आणि बडगी कोठे ठेवली ते विचारलं. बडगी म्हणजे भाजलेली वांगी ठेचायचं आमचं लाकडी भांडं. म्हटलं, माळ्यावर, गोणपाटात. फोन ठेवला तिने.

डोळ्यांत पाणी आलं. मी नाही तर बाई माझ्या वस्तू काढून पुसत बसते. इतक्या वर्षांच्या संसारात तोंडाने कधी बोलली नाही. बायकांचं प्रेम असं असतं, वस्तूंवरून ओळखायचं.

१५ जानेवारी. सकाळ.

रात्रभर घसा साफ करत होतो. बरगड्या दुखतात. ममता म्हणते दवाखान्यात चला. म्हटलं, समुद्राची हवा आत जाताना थोडा त्रास होणारच, जुनी हवा जागा सोडत नाही.

खिडकीतून रस्ता दिसतो. सायकलवरून बोंबील विकणारी बाई. कंपनीची बस. समोर दोन म्हाताऱ्या उन्हात बसून गुजरातीत सुनांविषयी बोलत आहेत. भाषा कळत नाही, पण विषय कळतो. इथल्या लोकांना थंडी म्हणजे काय ठाऊक नाही. पंखा सुरू ठेवून स्वेटर घालतात.

साडेदहा.

धनुबाई फोन उचलत नाही. भीमसिंग उचलत नाही. शेजारचा वीरसिंगही उचलत नाही. एकाच वेळी सगळं गाव फोन उचलत नाही म्हणजे लाइट गेली असणार. नाहीतर मयत झालं असेल. कोण गेलं असेल याचा विचार करत बसलो. दोन-तीन नावं डोळ्यांसमोर आली. चांगली माणसं होती.

दुपार, एक.

मयत नाही.

भीमसिंगने मोबाइलवर स्टेटस ठेवलं आहे. फोटोत धूर आहे. आपला मळा. आपला आंबा. केळीच्या पानांवर माणसं बसली आहेत आणि मधोमध आपली बडगी.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग लक्षात आलं की फोटो गेल्या वर्षीचा असणार. भीमसिंगला माझी आठवण आली म्हणून त्याने जुना फोटो लावला. बरं वाटलं. मग नीट पाहिलं. फोटोत मी कुठेच नाही. म्हणजे तो मीच काढलेला असणार.

पण मला फोटो काढता येत नाही.

दीड.

झुंबरलालला फोन केला. त्याने उचलला. मी सरळ विचारलं, आज मळ्यात काय आहे? त्याने आधी दमणची हवा विचारली. मग तिथे जैन मंदिर आहे का ते विचारलं. मी पुन्हा तेच विचारलं.  मागून कोणीतरी कढी मागत होतं. मग झुंबरलाल म्हणाला,

“आबा, खोटं बोलानं मन्हा धरममा बसत नई. भरीत व्हयनं. आते सगळा पानवर बठेल शेत.”

म्हणजे पंगतसुद्धा बसलेली. विचारलं, भाजलं कोणी? म्हणाला, वहिनींनी.

वहिनी म्हणजे धनुबाई. मी म्हटलं, कसं झालं असेल ते मला कळतंय, बिचाऱ्यांनी गिळलं असेल कसंतरी. झुंबरलाल म्हणाला, मी खात नाही आबा, मी काय सांगू, पण यंदा वासच वेगळा होता. मी म्हटलं, करपल्याचा असेल. तो म्हणाला, नाही, तोच नव्हता.

फोन मी ठेवला. त्याने ठेवला नाही, मी ठेवला.

दोन.

एक एक उलगडतंय. गळ्याला चिमटा. पाहिजे तितले दिवस ऱ्हा. नक्की कोणत्या तारखेला येशात. पक्कं ना. बडगी कोठे आहे.

घरचा कुत्रा राखणीला ठेवावा आणि त्यानेच चोराला दार दाखवावं. वांगी माझी. काड्या मी रचून ठेवलेल्या. बडगीचा पत्ता मी स्वतःच्या तोंडाने सांगितला, तोही गहिवरून. ममताला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, आबा, गोळी घ्या आधी. म्हणजे माहीत होतं. हवापालट कोणाची होती ते आता कळलं. हवा त्यांना पालटून हवी होती.

जेवलो नाही. (खिचडी थोडी घेतली. गोळी रिकाम्या पोटी चालत नाही.)

तीन.

ठरलं. रडत बसणाऱ्यांतला मी नाही. आजच, इथेच, समुद्राच्या काठावर भरीत करणार. फोटो काढून स्टेटसला ठेवणार. धानोऱ्याला कळू दे की उस्ताद जिथे बसतो तिथे जाळ पेटतो. ममता बाजारात गेली आहे. कानटोपी, मफलर, स्वेटर, वरून चंदनरावांचा रेनकोट. ताप असला तरी तो आतल्या आत राहील.

संध्याकाळ. गादीवरून लिहितोय.

इथे भरताचं वांगं मिळत नाही. भाजीवाला जांभळी, लिंबाएवढी वांगी काढून म्हणाला, काका, उंधियूसाठी बेस्ट. म्हटलं, आमच्याकडे एवढं वांगं झाडावरून पडलं तर आम्ही वाकत नाही. पण घेतली. हत्यार कसंही असो, हात पाहिजे.

कपाशीची काडी तर या बेटावर कोणी पाहिलेलीच नाही. (बेट नाही म्हणतात. मला बेट वाटतं.) नारळाच्या झावळ्या गोळा केल्या. ओल्या निघाल्या. पेटल्या नाहीत, धुमसल्या. धूर सरळ माझ्याकडे यायचा. मी या बाजूला बसलो की या बाजूला, त्या बाजूला गेलो की त्या बाजूला. धूरसुद्धा त्यांच्याच पक्षात. एक टूरिस्ट बाई येऊन प्लेट कितीला म्हणून विचारून गेली. मी उत्तर देणार तेवढ्यात घसा साफ करावा लागला. बराच करावा लागला. बाई घाईने निघून गेली.

मग वांगी आत सोडली आणि कान दिला. सवयीप्रमाणे डोळे मिटून, अगदी खाली वाकून. थोड्या वेळाने आवाज आला. खळखळ, मग फस्स. वांगं इतक्या लवकर कसं बोललं याचं नवल वाटलं. इथल्या वांग्याची भाषा वेगळी असेल म्हणून अजून जवळ कान नेला.

समुद्र होता. इतके दिवस बघायला गेलो तेव्हा कधी जागेवर नव्हता, आज न बोलावता पायापर्यंत आला. जाळ गेला, वांगी गेली, डाव्या पायातली चप्पल गेली. गुडघ्यापर्यंत भिजलो. खोकल्याची अशी उबळ आली की वाळूत बसलो. (खोकला इथे लिहिलाय. एकदाच.)

चंदनराव ड्यूटीवरून येता येता शोधायला आले. माणूस भला. काही विचारलं नाही. खांद्याला धरून उठवलं, मोटरसायकलवर मागे बसवलं, थेट दवाखान्यात नेलं. फक्त घरी आल्यावर म्हणाले, आबा, दुसरी चप्पल कुठे आहे? मी म्हटलं, ओहोटीला येईल.

१६ जानेवारी.

ताप एकशेदोन. डॉक्टर म्हणाले, छाती भरली आहे, निमोनियाच्या काठावर आहात. इंजेक्शनं, वाफ, पडून राहणे. हा डॉक्टर वयस्क आहे, त्यामुळे विश्वास ठेवायला हरकत नाही.

धनुबाईचा फोन चारदा आला. घेतला नाही. पाचव्यांदा ममताने माझ्या कानाला लावला. आधी तिचा नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, वाफ घेतली का? आणि ठेवला. भरताचं एक अक्षर नाही. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, चोराची उलटी वाफ पहिल्यांदा ऐकली.

१९ जानेवारी.

अंथरुणावर पडून खूप विचार केला. रागावणं माझ्या स्वभावात नाही. सूड तर नाहीच. मोठ्या माणसाने एकच करावं : त्याग.

गावी गेल्यावर ओट्यावर सगळ्यांसमोर शांतपणे सांगायचं की यापुढे मी कधीच भरीत भाजणार नाही. बस. एवढंच वाक्य. पुढे काय होईल ते दिसतंय. भीमसिंग पाय धरेल. वीरसिंग म्हणेल, मळ्याला अर्थ काय मग? धनुबाई पदर डोळ्याला लावून दारात उभी असेल. मी दोनदा नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा, बघू म्हणायचं.

वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. “कधीच” वर आवाज थोडा खाली न्यायचा. तिसऱ्या वेळी मलाच भरून आलं.

२४ जानेवारी, धानोरा.

घरी आलो. धनुबाईने पाणी दिलं, चहा दिला, कपाळाला हात लावून पाहिला. माफी नाही. मी अबोला धरला. दिवसभर एक शब्द बोललो नाही. संध्याकाळी कळलं की तिला अबोला कळलाच नाही. तिला वाटलं घसा बसलाय. हळद-दूध दोनदा दिलं.

शेवटी मलाच तोंड उघडावं लागलं. विचारलं, असं का केलंस? ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही तिचा. म्हणाली,

“ममताना बाप, दरसाल तुम्ही जाळ करतस, आन मी मांगे बठीसन करपेल काढस, कच्चं येगळं करस, लसूण-मिरचीमा झाकीसन लोकेसले वाढस. यंदा झाकानं काम पडनं नई. बस, इतलंच व्हयनं.”

मी म्हटलं, मग इतक्या वर्षांत सांगितलं का नाही?

ती म्हणाली, तुम्ही वांग्याले कान लावीसन बसायचात, सांगू कोणाला? आणि धूर आता तुमच्या छातीला चालत नाही. तिने तोंड वळवून भाकरी तव्यावर टाकली, म्हणून मला चेहरा दिसला नाही.

जेवताना मी म्हटलं, करपलेलं म्हणजे खमंग. ती हो म्हणाली.

हे सगळं ती मुद्दाम बोलते. माझ्या त्यागाची कुणकुण लागली असेल.

२५ जानेवारी. संध्याकाळ.

झुंबरलालच्या ओट्यावर सगळे होते. हवापाण्याचं बोलून झालं. मी उभा राहिलो. शाल नीट केली. वाक्य बोललो. “कधीच” वर आवाज खाली नेला, अगदी ठरवल्यासारखा.

शांतता झाली. चांगलं लक्षण वाटलं. भीमसिंग उठला. मी पाय जरा पुढे घेतले.

त्याने माझा हात धरला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

“बरं व्हयनं आबा, तुम्हीच बोलनात. आम्हनं तर तोंडच उघडे ना.”

मग सगळे एकदम बोलायला लागले. उद्या सव्वीस जानेवारी, झेंडावंदनानंतर मळ्यात दुसरं भरीत आहेच. ते मला कसं सांगावं यावर म्हणे चार दिवस खल चालू होता.  वीरसिंग म्हणाला, आबाचं मन मोठं आहे. झुंबरलालने हात जोडले आणि म्हणाला, त्याग फार अवघड असतो, आमच्यात महाराज लोकांनाच जमतो. त्याने मला आल्याच्या गोळ्या फुकट दिल्या.

दोनदा नाही म्हणायची संधी आली नाही. एकदाही आली नाही. मी उभाच होतो, कोणीतरी बसा म्हणालं म्हणून बसलो.

२६ जानेवारी, मळा. दुपार.

वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आंब्याखाली बाज टाकून मला बसवलं आहे. कानटोपी सक्तीची. बसून करण्यासारखं काम म्हणून केळीची पानं पुसायला दिली. पान पुसणं वाटतं तितकं सोपं नाही. शिरेपासून कडेला पुसलं तर फाटत नाही, कडेकडून आत पुसलं की गेलं. हे इथे कोणाला ठाऊक नव्हतं. भीमसिंगला समजावून सांगत होतो, तो मध्येच काड्या आणायला गेला.

जाळाजवळ धनुबाई. वांग्यांना सुरीने टोचे मारले, तेलाचं बोट फिरवलं. जाळ बसू दिला आणि मग निखाऱ्यावर ठेवून एकेक फिरवत राहिली. कान लावत नव्हती. घाईही नव्हती. मधूनच धुराच्या पलीकडून माझ्याकडे बघायची, मी खोकतोय का ते बघायला. बडगीत ठेचताना बाया गाणं म्हणत होत्या. माझ्या वेळी बडगीजवळ कधी गाणं ऐकल्याचं आठवत नाही. बहुतेक धुरात ऐकू येत नसावं.

पंगत बसली. मी चवीपुरतं घेतलं. मग पुरीला लागेल म्हणून थोडं घेतलं. तिसऱ्यांदा धनुबाईने न विचारता वाढलं आणि मी हात आडवा केला नाही.

भीमसिंगने समोरून विचारलं, आबा, कसं व्हयनं? सगळ्या पंगतीचे हात थांबले. झुंबरलालने कढीची वाटी खाली ठेवली. धनुबाई पळी हातात घेऊन उभी होती. ती माझ्याकडे नाही, माझ्या पानाकडे बघत होती.

मी म्हटलं, मीठ कमी आहे.

धनुबाई गेली, मिठाचा डबा घेऊन आली आणि माझ्या पानावर चांगलं चिमूटभर मीठ घातलं. मी कालवलं. खारट झालं. सगळे बघत होते, म्हणून पान स्वच्छ केलं.